उंबऱ्यापासचा एक गुंठा

दोन वर्षांमागे श्रावणात आम्ही आडसाली लागणीच्या नोंदी घेत वस्त्यावस्त्यांवरून हिंडत होतो. एका सभासदाच्या घरी चहाला थांबलो. घर नवे, स्लॅबचे, फरशी अशी की पायताण काढूनही पाय ठेवायला संकोच वाटावा. पण ओट्यावर बसून समोर पाहिले तर हात लांबवावा आणि उसाच्या पात्याला लागावा! सरी थेट पायरीशी येऊन थांबलेली. एका अंगाला ट्रॉली, दुसऱ्या अंगाला गोठा, आणि मध्ये तुळशीवृंदावन कसेबसे अडकून पडलेले. दिवस श्रावणी सोमवारचा. घरातल्या आजी नातवाला दटावत होत्या, ‘जा की रं, खालच्या मळ्यातनं चार फुलं घेऊन ये.’ पोरगं म्हणालं, ‘काल गेलो तवा त्यांनी कुत्रं सोडलं.’ आजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘बगा सायेब. धा एकर बागायत हाय, आन् देवाला फूल न्हाई. आता देवाला ऊस वाहू का?’

सभासद बंधू-भगिनींनो, आम्हाला हसू आले खरे, पण पुढच्या चार-सहा वस्त्यांवर आम्ही मुद्दाम पाहत गेलो आणि हसू मावळले. पाटाचे पाणी आले, लिफ्ट आली, ठिबक आले. ऊस वाढला आणि अंगण आटले. आपल्या आयांच्या वेळी दारात एक पारिजातक, मोरीपाशी कर्दळ, कुडाला गुलबक्षी आणि विहिरीच्या थारोळ्याशी मोगऱ्याचे चार गड्डे असायचे. त्यासाठी कोणी माती परीक्षण केले नव्हते की कर्ज काढले नव्हते. आज गौरी-गणपतीला आपण तालुक्याच्या बाजारात जाऊन पिशवीभर फुले विकत आणतो, आणि तीही आदल्या दिवशीची.

त्या सभासदाला आम्ही विचारले, ‘घरापुढचा हा गुंठा तरी मोकळा ठेवायचा होता.’ तो म्हणाला, ‘गुंठ्याला टन ऊस निघतोय सायेब, उगं कशाला सोडू?’

हिशेब कागदावर बरोबर आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला १ टन येतो. पण ओट्यालगतचा ऊस हा एकरी ४० टनांचा ऊस असतो का? सकाळी घराची सावली, संध्याकाळी गोठ्याची. कोंबड्या कोंब उकरतात, वासरू पात्याला तोंड घालते, आणि पोरे कांडी मोडतात ती निराळीच. त्यातून बेणे, खत, भांगलण आणि तोडणी-वाहतूक वजा करा. उरलेल्या रकमेच्या शेजारी वर्षभरातल्या फुलांचा, हारांचा, गौरी-गणपती, दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार यांचा खर्च मांडा. ज्याने त्याने आपल्या घरचा आकडा काढावा; आम्ही काढला तेव्हा आम्हालाच खाली बघावे लागले.

आणि पैशापलीकडची एक गोष्ट. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात बिबट्याची मादी आता उसातच वीते, उसातच पिले वाढवते. दाट, ओलसर आणि महिनोन्‌महिने कोणी आत न शिरणारे रान तिला जंगलापेक्षा सोयीचे पडते. तिकडे अंगणात खेळणाऱ्या लेकरांवर झालेले हल्ले आपण वर्तमानपत्रात वाचलेले आहेत. आपल्याकडे बिबट्या नसेल, पण नाग आणि घोणस आहेत. पाचटात उंदीर आहेत आणि उंदरामागे साप आहेच. दार आणि ऊस यांच्यामध्ये झाडलोट केलेली, नजर पोहोचेल अशी मोकळी जागा असणे ही हौस नव्हे. त्या मोकळ्या जागेत फुले लावावीत एवढाच आमचा हट्ट, कारण जी जागा नुसती मोकळी असते ती पुढच्या लागणीला पुन्हा उसाखाली जाते. फुलझाडे असली म्हणजे घरातल्या बाया ती जाऊ देत नाहीत!

म्हणून लावतानाच एक पथ्य पाळा. दाराजवळ गुडघाभर उंचीची झाडे, म्हणजे तेरडा, झेंडू, अबोली, सदाफुली, शेवंती. मोगरा, जास्वंद, तगर त्याच्यापुढे, बुंध्याशी हात-दीड हात मोकळे ठेवून. पारिजातक, सोनचाफा असली मोठी झाडे गुंठ्याच्या कडेला. ओट्याला लागून मेंदीचे किंवा कशाचेही दाट कुंपण नको. दाट जाळीखाली काय बसले आहे ते अंधारात कळत नाही.

आता झाडे कोणती, ते महिन्यांच्या क्रमाने सांगतो. उसाला जसा लागणीचा हंगाम असतो तसा फुलालाही असतो, आणि एकदा तो साधला की बाराही महिने अंगणात काही ना काही फुललेले राहते. आपली चूक अशी होते की, रोपवाटिकेत गेलो त्या दिवशी जे फुललेले दिसेल तेच चार कुंड्या उचलून आणतो. मग एक महिना अंगण रंगीत आणि अकरा महिने नुसता पाला.

मृगापासून सुरुवात करू. मृगाच्या पहिल्या पावसावर तेरड्याचे बी नुसते फेकले तरी उगवते. दोन महिन्यांत फुलावर येते. पण गौरी कधी ऑगस्टच्या शेवटी येतात तर कधी सप्टेंबर अर्धा उलटल्यावर. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. म्हणून बी दोन वेळा टाकावे, अर्धे मृगावर आणि अर्धे त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. आपल्याकडे कित्येक घरांत तेरड्याच्याच गौरी आणतात, मुळासकट उपटून, खड्यांबरोबर. तेरड्याचा रंग तीन दिवस असे आपण म्हणतो ते हिणवण्यासाठी. पण गौरीही तीनच दिवसांच्या असतात, तेव्हा हिशेब जुळतो. तेरड्याचे बोंड पिकले की बोट लावताच फुटते आणि बी चार हात उडते. पोरांना हा मोठाच खेळ वाटतो. बी धरायचे असेल तर बोंड हिरव्याचे पिवळट होऊ लागताच हलक्या मुठीत धरून तोडावे.

पारिजातकाबद्दल जास्त सांगायला नको. श्रावणापासून कार्तिकापर्यंत पहाटे सडा पडतो. झाड काटक आहे, फक्त मुळाशी पाणी तुंबलेले त्याला खपत नाही. पाटाच्या कडेला लावलेले पारिजातक दोन-तीन वर्षांत वाळलेले आम्ही पाहिले आहेत. बहर संपला म्हणजे हलकी छाटणी करावी, नाही तर झाड वर जाते आणि फुले गोठ्याच्या पत्र्यावर पडतात. त्याच्या केशरी देठांचा पूर्वी कापड रंगवायला उपयोग करीत.

जाई-जुई याच काळातल्या. मांडव नको असेल तर जाई थोपटून झुडपासारखी ठेवता येते. गुलबक्षी संध्याकाळी फुलते, गाई परतायच्या वेळेला; तिचा कंद जमिनीत राहतो आणि दर पावसाळ्यात आपोआप फुटतो. तिला काही करावे लागत नाही. निळी-पांढरी गोकर्ण तारेच्या कुंपणावर सोडावी. ती द्विदल वर्गातली असल्यामुळे ताग-धैंचाप्रमाणे तिच्याही मुळांवर गाठी असतात. जास्वंद बारमाही आहे, पण पावसाळ्यात विशेष. तिला पिठ्या ढेकूण फार. उसावरचा पिठ्या ढेकूण आपल्याला कांडीवर पाचटाखाली सापडतो, जास्वंदीवर तो शेंड्याला कापसासारखा दिसतो. शेंडा कापून जाळून टाकावा आणि बाकी झाडावर साबणाचे पाणी मारावे. पहिल्याच दिवशी दुकानातले औषध आणायची गरज नाही. मुंग्या चढताना दिसल्या की समजावे, तो आला.

दसऱ्याच्या झेंडूचे मात्र लोक फार चुकतात. बरेचजण दरवर्षी ठरलेल्या दिवशी बी टाकतात आणि मग ‘औंदा झेंडू लवकर सरला’ किंवा ‘दसरा झाल्यावर फुलला’ अशी तक्रार करतात. तक्रार झेंडूची नाही, पंचांगाची आहे. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. अधिक महिना आला की तो पुन्हा पुढे सरकतो. तेव्हा इंग्रजी तारीख धरू नका. कॅलेंडरवर दसरा पाहा, तिथून तीन महिने मागे मोजा आणि त्या आठवड्यात वाफ्यावर बी टाका. महिन्याने रोप लावा. रोप लागून जोमात आले की शेंडा खुडा. बाळबांधणीनंतर फुटवे फुटावेत म्हणून आपण उसाला जी मेहनत करतो तेच हे. शेंडा खुडला नाही तर एका काडीवर एक फूल, खुडला तर झाड परडीएवढे. दिवाळीसाठी आणखी पंधरा-वीस दिवसांनी दुसरा वाफा. वांगी-टोमॅटोच्या वाफ्याला झेंडूची कड असावी. त्याच्या मुळांतून उतरणारा अंश मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला मारक असतो. हे झाड मुळात अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आले तेव्हा आले. आणि आता झेंडूवाचून आपल्याला दसरा सुचत नाही.

शेवंतीची गोष्ट ऊस बागायतदाराला कोणत्याही बागशास्त्रज्ञापेक्षा लवकर कळेल. उसाला तुरा कधी येतो? दिवस लहान होऊ लागले, रात्री वाढू लागल्या की. शेवंतीचे अगदी तसेच आहे. उन्हाळ्यात काश्या लावल्या, पावसाळाभर ती नुसती वाढते आणि रात्री मोठ्या झाल्याची जाणीव होताच कळ्या धरते. एका सभासदाच्या घरी आम्हाला शेवंतीची ओळ दाखवली. ओळीचे एक टोक फुलांनी लगडलेले आणि दुसरे टोक हिरवेगार, एक कळी नाही. घरची मंडळी म्हणत होती, खत कमी पडले. दृष्ट लागली असेही कोणी म्हणाले. आम्ही रात्री पुन्हा गेलो तेव्हा उलगडा झाला. हिरव्या टोकावर गोठ्याचा मोठा दिवा रात्रभर जळत होता! त्या झाडांना रात्र झाल्याचे कळतच नव्हते. आता दिवा बंद करा असे आम्ही सांगणार नाही. वस्तीवर दिवा पाहिजेच. शेवंती घराच्या अंधाऱ्या अंगाला न्यावी. राजा आणि झिप्री या जाती आपल्या हवामानाला मानवलेल्या आहेत. दारात त्याच लावाव्यात, कुंडीतल्या शहरी जातींच्या मागे लागू नये.

कार्तिकात गव्हाणीत मोळी पडते, गाळप सुरू होते आणि रस्ते धुळीने माखतात. कारखान्याच्या आसपास ज्यांची घरे आहेत त्यांच्या फुलांवर पहाटे काजळीचे ठिपके दिसतात, हे आमच्या कानावर आहे. छापायला आम्हाला संकोच नाही. या दिवसांत पाने धुळीने बुजतात म्हणून आठवड्यातून एकदा झाडांवरून पाण्याचा फवारा द्यावा. अबोली, कोरांटी, कुंद ही हिवाळ्याची आपली जुनी माणसे. कोरांटीला काटे असतात म्हणून हल्ली तिला कोणी विचारत नाही, पण कुंपणाच्या कडेला तिच्यासारखी दुसरी नाही. पौषात दुसरे पांढरे फूल मिळत नाही तेव्हा कुंद असतो. ज्यांना फुलदाणीसाठी रंग पाहिजे त्यांनी पावसाळा ओसरताना ॲस्टरची रोपे करावीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड केंद्राच्या ‘फुले गणेश’ या नावाच्या पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या जाती चांगल्या आहेत. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते. ते पाहण्यासारखे असते. मात्र तिथून येताना पिशवी रिकामी आणावी असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

याच दिवसांत टोळ्या येतात, फडाजवळ कोपी पडते. त्यांची लेकरे फुले तोडतात म्हणून काही घरांतून ओरडा ऐकू येतो. सहा महिने घरदार सोडून आलेली बाई पहाटे चार वाजता कोयता घेऊन फडात उतरते. तिने एक अबोलीचा गजरा माळला तर आपले काय गेले?

हिवाळ्यातच उन्हाळ्याची तयारी करायची असते, आणि ती मोगऱ्याची. डाळिंबाचा, लिंबाचा बहार धरणे ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवे नाही. डिसेंबरात पंधरा-वीस दिवस मोगऱ्याचे पाणी तोडायचे. पाने मलूल होतील, पिवळी पडतील, घाबरू नये. मग झुडूप गुडघ्याखाली छाटायचे, बुंध्याची माती हलवून चार दिवस उन्हाला उघडी ठेवायची, आणि कुजलेले खत घालून आळे भरून पाणी द्यायचे. फाल्गुन-चैत्रात नव्या फुटीवर कळ्या येतात. पण बायामाणसांना झाड छाटवत नाही, आणि पुरुषमंडळींना वेळ नसतो! न छाटलेला मोगरा वेलीसारखा लांबतो आणि उन्हाळाभर दोन-दोन फुले देतो. बटमोगरा, मदनबाण, साधा मोगरा, कोणताही असो, नियम एकच.

खताबद्दल सांगायचे तर आपल्या दारात सोने आहे. कारखान्याची मळी फुलझाडांना उत्तम, पण ताजी कधीही घालू नये. ती तापते आणि कोवळी मुळी जळते. शेणखताबरोबर खड्ड्यात थर देऊन, ओली ठेवून, पूर्ण कुजून थंड झाली की मग घालावी. उन्हाळ्यात आळ्यात पाचटाचे आच्छादन करावे म्हणजे पाणी निम्म्यावर भागते. फक्त ते बुंध्याला आणि घराच्या भिंतीला टेकवू नये, वाळवी धरते.

चैत्र-वैशाखात पाणी कमी, तेव्हा पाण्यावाचून फुलणारी झाडे हाताशी पाहिजेत. बोगनवेलीला पाणी जितके कमी तितका रंग जास्त. खूप लाडाने पाणी घातले तर नुसती पाने येतात. पांढरा चाफा पाने झाडून फुलतो. सोनचाफा लावायचा तर कलम आणा. बियांच्या झाडाला फुले यायला पुष्कळ वर्षे लागतात. मेच्या वळिवावर जमिनीतून एकाएकी लाल चेंडू वर येतो तो मे फ्लॉवर, कंद एकदा पुरला की विसरून जावे. गुलमोहर मात्र घरापाशी नको. मुळे वरवर पसरतात आणि वादळात फांदी तडकून कौलांवर येते. तीच हौस असेल तर रस्त्याकडेला बहावा लावा. मोरीचे पाणी चिखल करीत फिरते तिथे कर्दळ लावावी. ती ते सांडपाणी पिऊन वर्षभर फुलते, आणि डास कमी होतात तो फायदा वेगळाच.

ज्यांची जमीन पाण्याने चोपण झाली आहे, भिंतीला पांढरा खार फुटतो, त्यांनी गुलाब आणि मोगरा जमिनीत लावून पैसे वाया घालवू नयेत. ते कुंडीत. जमिनीत बोगनवेल, सदाफुली आणि कण्हेर तग धरतात. सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचे व्हिनक्रिस्टिन हे औषध काढतात. पण म्हणून साखरेच्या रोगावर तिची पाने चावत बसू नये. आमच्या पाहण्यात असे करणारे लोक आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. औषध असते ते विषही असते.

कण्हेरीचे नाव घेतले तेव्हा जरा थांबून सांगायला पाहिजे. आमच्याच भावकीत एका वर्षी शिमग्याच्या सुमारास कण्हेरीचे कुंपण छाटले. फांद्या गोठ्याच्या बाजूला ढीग करून टाकल्या, सवड झाल्यावर जाळू म्हणून. रात्री बैलाचे दावे सुटले. त्याने किती खाल्ले कोण जाणे, फार नसावे. सकाळी तो तोंडातून लाळ गाळत उभा होता, दुपारी बसला. जनावरांचे डॉक्टर आले, पण उशीर झाला होता. नांगराला, गाडीला चालणारा चौसा बैल! त्या घरच्या म्हाताऱ्याने दोन दिवस भाकरी खाल्ली नाही. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, सगळे विषारी. आणि वाळले तरी विष जात नाही, उलट वाळलेला पाला जनावर लवकर खाते, कारण कडवटपणा कमी लागतो. म्हणून कण्हेर लावायचीच तर गोठा, गव्हाण आणि पाण्याची टाकी यांच्यापासून लांब, आणि छाटलेली काडी त्याच दिवशी पुरायची. पिवळी बिट्टी तशीच. तिच्या बिया पोरे खेळायला घेतात, तेव्हा लहान लेकरे असलेल्या घरात ती नकोच. घाणेरीच्या रंगीत फुलांना भुलून ती कोणी दारात आणू नये. तिचा पाला खाल्ला की जनावराला कावीळ होते, उन्हात कातडी सोलते, आणि एकदा बांधावर पसरली की निघत नाही. कळलावी दिसायला देखणी, पण तिचा कंद जिवावर बेततो.

आणखी एक विष आपणच घरात आणतो. उसातल्या रुंद पानांच्या तणावर आपण टू-फोर-डी मारतो. फूलझाड हेही रुंद पानाचेच. वाऱ्यावर आलेले थोडेसे तुषारही पुरतात; जास्वंदीचा शेंडा पिळवटतो, पान चिंचोळे होते, कळ्या गळतात. शेजाऱ्याच्या भाजीपाल्याचेही तेच होते आणि मग भांडणे कचेरीपर्यंत येतात. हे दुसऱ्यांना सांगतो खरे, पण आम्ही स्वतः काय केले ते ऐका. तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून त्यातूनच घरच्या मोगऱ्यावर निंबोळी अर्क मारला. आठ दिवसांत सात गड्डे वेडेवाकडे झाले. त्यातले दोन उठलेच नाहीत. मोगरा आईने लावलेला होता. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगाचा पट्टा, आणि फवारणी वारा पडलेला असताना, घराच्या बाजूला वारा नसताना.

असो. ज्या घरापासून सुरुवात केली तिथे परत जाऊ. त्या सोमवारी आम्ही चहा पिऊन उठलो तेव्हा सभासद म्हणाला, लागण तर झाली, आता पुढच्या खेपेला बघू. आम्ही म्हटले, पुढच्या खेपेला कशाला? कोंब अजून वीतभर आहेत. वरच्या पट्टीत तुमच्या नांग्या पडल्यात, त्या भरायला रोपे लागणारच आहेत. ओट्यापुढची मुळासकट काढा आणि तिकडे लावा. तो काही बोलला नाही. आजी मात्र आतून म्हणाल्या, ‘उद्याच काडतो.’

गेल्या अश्विनात त्याच फडाच्या पक्वतेचे नमुने घ्यायला आम्ही गेलो. ब्रिक्स पाहून झाल्यावर घराकडे वळलो तर ओट्यावरून थेट रस्ता दिसत होता. समोरच्या गुंठ्यात पारिजातक कमरेएवढा झालेला, झेंडूचा वाफा तोरणाला आलेला, तेरड्याची वाळती काडे अजून उभी होती. ट्रॉली गोठ्यामागे गेली होती. सगळे साधले होते असे नाही. मोगरा लावला होता तो अगदी भिंतीच्या सावलीत, आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होता. ते सांगितले. आजींनी ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘गुंठ्याचं बिल किती बुडालं म्हनायचं?’ सभासदाने मान खाली घातली. वरच्या पट्टीतल्या नांग्या भरल्या होत्या, त्यामुळे आकडा काढायला तोही तयार नव्हता.

निघताना आजींनी तेरड्याचे बी दिले. कागद मिळेना म्हणून गेल्या हंगामातली उसाच्या वजनाची जुनी पावती घेतली आणि तिची पुडी बांधली. पुडी आमच्या कपाटात आहे. वरून वजनाचा आकडा अजून वाचता येतो. बी गुलाबी आणि पांढऱ्या तेरड्याचे आहे, वीस-पंचवीस घरांना चिमूट चिमूट पुरेल. मृग जवळ आला आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी सोमवारी बाजारच्या दिवशी गट कचेरीत यावे, आणि पुडीसाठी कागद आपला आणावा.